कॅसेटवर चालणारी जुनी खेळयंत्रे : त्यांच्या रचनेतील विशेष आणि त्यांत केलेले फेरफार

१. विषयाची व्याप्ती

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचे एक यंत्र शिरले. लोकव्यवहारात त्यास 'टीव्ही गेम' किंवा नुसते 'व्हिडिओ गेम' असे नाव पडले, आणि त्यात खोचावयाच्या डबीस 'कॅसेट' म्हणू लागले. या डबीत फीत नसते. एक छापील मंडलपट्टी व तीवर बसविलेल्या एकदोन चिप एवढाच तिचा संसार असतो. तथापि 'कॅसेट' हा शब्द इतका रूढ झाला आहे की तोच प्रस्तुत लेखात वापरणे सोयीचे होईल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील दुकानांतून किंवा मनीष मार्केटसारख्या बाजारांतून घेतलेली ही यंत्रे गणपतीस अथवा मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांबरोबर रत्नागिरी जिल्ह्यात येत. आज ती माळ्यावर, पोटमाळ्यावर किंवा भंगारात आढळतात.

यांपैकी बहुसंख्य यंत्रे जपानमधील निन्टेन्डो या कंपनीच्या 'फॅमिली कॉम्प्युटर' या यंत्राच्या प्रतिकृती होत. परवान्याने विकलेले यंत्र भारतात 'समुराई' या नावाने मिळत असे. 'लिटल मास्टर' यांसारख्या नावांची यंत्रे मात्र प्रतिकृतींच्या वर्गात मोडतात. प्रतिकृती म्हटली की ती मूळ वस्तूहून हीन असणार, आणि तिच्यात अभ्यासण्याजोगे काही नसणार, असे गृहीत धरण्याची आपली प्रवृत्ती असते. हे गृहीत कितपत खरे आहे हे तपासणे हा या लेखाचा पहिला उद्देश. उरलेल्या यंत्रांत दुरुस्ती वा फेरफार करताना कोणती गोष्ट टिकवून ठेवणे अगत्याचे आहे, याचा विचार करणे हा दुसरा.

२. मूळ यंत्राची रचना

फॅमिली कॉम्प्युटर हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आले. त्याची रचना मासायुकी उएमुरा यांच्या मार्गदर्शनाखाली झाली, व त्यातील दोन प्रमुख चिप रिको या कंपनीने बनविल्या. पहिली चिप २ए०३ ही. एमओएस टेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीने १९७५ साली काढलेल्या ६५०२ या प्रक्रियकाचा गाभा तीत असून ध्वनिनिर्मितीचे मंडलही त्याच चिपवर घातलेले आहे. मूळ ६५०२ मध्ये दशमान पद्धतीने बेरीज-वजाबाकी करण्याची सोय होती. २ए०३ मध्ये ती तोडून टाकलेली आढळते. यंत्राच्या पडद्यावर गुणसंख्या दशमान अंकांत दिसते. पण ती दशमानात मांडण्याचे काम प्रत्येक खेळाच्या लेखकास स्वतः करावे लागे, त्याचे कारण हेच.

दुसरी चिप २सी०२ ही चित्रप्रक्रियक होय. पडद्यावर हलणाऱ्या जास्तीत जास्त ६४ लहान आकृती ती हाताळू शकते. परंतु कोणत्याही एका आडव्या रेषेवर ८ हून अधिक आकृती काढणे तिला शक्य नसते. नववी आकृती त्या रेषेवर आली की ती दिसतच नाही. यास्तव खेळांचे लेखक आकृतींचा क्रम दर चित्रागणिक बदलत असत, म्हणजे आळीपाळीने प्रत्येक आकृती थोडी थोडी दिसे. गर्दीच्या प्रसंगी शत्रूंच्या आकृती लुकलुकताना दिसतात तो यंत्राचा बिघाड नसून ही मर्यादा झाकण्याची युक्ती आहे.

रचनेतील दोष झाकण्याकरिता खेळाच्या लेखकाने काय करावे लागे, याचे आणखी एक उदाहरण देता येईल. हातातील नियंत्रकावरील आठ कळांची स्थिती यंत्राकडे एकामागून एक अशा आठ स्पंदांनी पोहोचते. त्याच वेळी ध्वनिमंडलाने आपल्या नमुन्याचा पुढील भाग स्मृतीतून ओढून घेतला, तर २ए०३ मध्ये नियंत्रकाकडे एक जादा स्पंद जाण्याचा संभव असतो. असे झाले की एक कळ गळते व तिच्या जागी पुढची वाचली जाते. खेळणाऱ्याने न दाबलेली कळ दाबल्याचा भास होतो. म्हणून ज्या खेळांत असा ध्वनी वापरला आहे, त्यांतील पुष्कळांत नियंत्रक दोनदा वाचून दोन्ही वाचने जुळली तरच ती ग्राह्य मानली जातात. यूरोपकरिता पुढे काढलेल्या २ए०७ या चिपमध्ये हा दोष दूर करण्यात आला.

३. कालगणनेचा प्रश्न

या यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा विशेष त्याच्या कालगणनेत आहे. जपानमध्ये व अमेरिकेत एनटीएससी ही रंगीत दूरचित्रवाणीची पद्धत होती. तीत सेकंदास सुमारे ६० वेळा पडदा रंगविला जातो. भारताने पाल पद्धत स्वीकारली, व १९८२ पासून येथे रंगीत प्रक्षेपण त्याच पद्धतीने होऊ लागले; तीत पडदा सेकंदास ५० वेळा रंगविला जातो. जपानी यंत्र भारतीय संचास जोडल्यास अडचण केवळ रंगाची येत नाही. त्याच्या प्रक्षेपकाचे आवर्तन (जपानमधील वाहिनी १, म्हणजे ९१.२५ मेगाहर्ट्झ) आपल्याकडील दूरचित्रवाणीच्या प्रमाणित वाहिन्यांत बसत नाही, शिवाय चित्र व ध्वनी यांच्या आवर्तनांतील अंतर जपानी पद्धतीत ४.५ तर आपल्या पद्धतीत ५.५ मेगाहर्ट्झ असल्यामुळे, चित्र कसेबसे मिळाले तरी ध्वनी मिळत नाही.

मूळ यंत्राचे मुख्य घड्याळ २१.४७७२७२ मेगाहर्ट्झ इतक्या गतीने चालते. या गतीस १२ ने भागले की प्रक्रियकाची गती (१.७८९७७३ मेगाहर्ट्झ) मिळते, आणि ४ ने भागले की चित्रप्रक्रियकाची. म्हणजे प्रक्रियकाचा एक स्पंद होईतो पडद्यावर बरोबर तीन बिंदू काढून होतात. एका आडव्या रेषेस ३४१ बिंदूंचा काळ लागतो. म्हणून एका रेषेत प्रक्रियकाचे ११३ २/३ स्पंद बसतात. संपूर्ण चित्राच्या २६२ रेषा असतात. पैकी २४० दृश्य, १ विश्रांतीची, २० रिक्तकालाच्या आणि १ पूर्वतयारीची. रिक्तकाल सुरू होताच चित्रप्रक्रियक प्रक्रियकास व्यत्यय-संकेत देतो. पडद्यावरील मजकूर निर्वेधपणे बदलता येतो तो मुख्यतः या २० रेषांच्या अवधीत.

निन्टेन्डोने पाल देशांकरिता जी रचना केली तीत घड्याळ २६.६०१७१२ मेगाहर्ट्झचे घेतले. त्यास प्रक्रियकाकरिता १६ ने व चित्रप्रक्रियकाकरिता ५ ने भागले. त्यामुळे तीनास एक हे प्रमाण जाऊन ३.२ ला एक असे प्रमाण आले, व एका रेषेतील स्पंद ११३ २/३ वरून १०६ ९/१६ वर उतरले. चित्राच्या रेषा ३१२ झाल्या. वाढलेल्या ५० रेषा सगळ्याच्या सगळ्या रिक्तकालात घातल्या गेल्या, म्हणजे रिक्तकाल २० ऐवजी ७० रेषांचा झाला.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या जपानी खेळात वरच्या ३२ रेषांत गुणफलक स्थिर ठेवावयाचा आहे व त्याखालील देखावा सरकवावयाचा आहे. व्यत्यय-संकेतापासून मोजले तर ३२ व्या रेषेपाशी पोहोचण्यास २० + १ + ३२, म्हणजे ५३ रेषांचा काळ लागतो. प्रक्रियकाच्या भाषेत सुमारे ६०२४ स्पंद. लेखकाने तितके स्पंद मोजणारी आज्ञावली लिहिली. हाच खेळ पाल यंत्रात घातला तर ६०२४ स्पंदांत केवळ साडेछप्पन्न रेषा होतात. परंतु तेथे रिक्तकालच ७० रेषांचा आहे. अर्थात चित्राची पहिली रेषा उमटण्यापूर्वीच देखावा सरकविण्याची आज्ञा दिली जाते, आणि गुणफलकही देखाव्याबरोबर सरकू लागतो. सर्वच खेळ असे स्पंद मोजत नाहीत. पुष्कळ खेळ पडद्यावरील विशिष्ट आकृतीशी होणाऱ्या टकरीवरून जागा ओळखतात. पण जे मोजतात ते बिघडतात, हे उघड आहे.

४. प्रतिकृतीने दिलेले उत्तर

मूळ कंपनीस हा बिघाड फारसा जाचक नव्हता. ती यूरोपात विकावयाच्या खेळांत आवश्यक ते बदल करून घेऊ शकत होती, आणि लांब रिक्तकाल हा नव्याने लिहिणाऱ्यास लाभदायकच होता. प्रतिकृती बनविणाऱ्यांची स्थिती वेगळी होती. त्यांच्या हाती होते ते जपानी खेळ, तेही आज्ञावली बदलण्याची सोय नसलेले. तेच खेळ पाल संचांवर जसेच्या तसे चालविणे त्यांस भाग होते.

तैवानमधील यूएमसी या कंपनीने या हेतूने यूए ६५२७ पी हा प्रक्रियक व यूए ६५३८ हा चित्रप्रक्रियक अशी जोडी काढली. तीतही घड्याळ २६.६०१७१२ मेगाहर्ट्झचेच आहे, कारण पाल रंगाचे ४.४३३६१९ मेगाहर्ट्झचे उपवाहक आवर्तन त्यास ६ ने भागून मिळते. परंतु प्रक्रियकाकरिता भाजक १६ न घेता १५ घेतला. पंधरास पाचाने भागले की तीन उरतात. अर्थात एका स्पंदास तीन बिंदू हे मूळ प्रमाण पुन्हा साधले, व प्रत्येक रेषेत पूर्वीप्रमाणेच ११३ २/३ स्पंद बसू लागले. वाढीव ५० रेषांचे काय करावयाचे, हा दुसरा प्रश्न. त्यांनी त्या रिक्तकालात न घालता रिक्तकालापूर्वीच्या विश्रांतीत घातल्या. दृश्य चित्र संपल्यावर ५१ रेषांपर्यंत काहीच घडत नाही. त्यानंतर व्यत्यय-संकेत दिला जातो, आणि तेथून पुढे जपानी यंत्राप्रमाणे बरोबर २० रेषांनी व एका तयारीच्या रेषेने नवे चित्र सुरू होते. २४० + ५१ + २० + १ अशी बेरीज ३१२ येते.

आता वरील उदाहरण पुन्हा घ्यावे. व्यत्यय-संकेतापासून ६०२४ स्पंद मोजले की ५३ रेषा होतात, आणि ३२ वी रेषा गाठली जाते. गुणफलक आपल्या जागी स्थिर राहतो. जो खेळ अधिकृत पाल यंत्रावर बिघडला असता, तो या स्वस्त प्रतिकृतीवर बिनतक्रार चालतो. हे केवळ नकलेने साधणारे नाही. मूळ यंत्र कोणत्या गोष्टींवर अवलंबून आहे, त्यांपैकी कोणत्या सोडता येतील व कोणत्या सोडता येणार नाहीत, याचा विवेक केल्याशिवाय भाजक १५ व विश्रांती ५१ हे दोन आकडे हाती लागत नाहीत. रशियात १९९२ पासून 'डेंडी' या नावाने याच कुळातील यंत्रे विकली गेली, म्हणून जगभरचे अभ्यासक या कालगणनेस 'डेंडी पद्धत' म्हणतात. भारतासारख्या इतर पाल देशांकरिता बनलेल्या प्रतिकृतींचेही कुळ हेच होय.

ध्वनीच्या बाबतीत हा फरक कानास कळण्याजोगा आहे. या यंत्रातील स्वर प्रक्रियकाच्या गतीवरून ठरतात. अधिकृत पाल यंत्राची प्रक्रियक-गती १.६६२६०७ मेगाहर्ट्झ, म्हणजे जपानी यंत्राहून सुमारे ७ टक्के कमी. त्यामुळे न बदललेल्या खेळाचे संगीत तेथे अर्ध्या स्वराहूनही अधिक उतरते. प्रतिकृतीत ही गती १.७७३४४८ मेगाहर्ट्झ असते. मूळ गतीशी तिचे गुणोत्तर सुमारे १.००९२ येते. भारतीय संगीतशास्त्राच्या आधुनिक विवेचनात प्रमाणश्रुतीचे गुणोत्तर ८१/८०, म्हणजे १.०१२५ मानतात. तेव्हा प्रतिकृतीतील उतार प्रमाणश्रुतीहूनही लहान आहे असे म्हणता येईल. लय मात्र दोन्ही पाल यंत्रांत सारखीच मंदावते, कारण ती पडद्याच्या ५० आवर्तनांस बांधलेली असते. आपल्याकडील मुलांनी या खेळांतील संगीत ऐकले ते जवळजवळ मूळ पट्टीत, पण एक षष्ठांशाने विलंबित.

प्रतिकृती सर्वस्वी निर्दोष होती, असे मात्र म्हणता येत नाही. अनेक प्रतिकृतींत चौकोनी तरंगाच्या २५ टक्के व ५० टक्के या दोन रूपांची अदलाबदल झालेली आढळते. त्याने स्वर बदलत नाही, परंतु नादाची जात बदलते; पातळ नाद भरीव होतो व भरीव नाद पातळ. मूळ यंत्राचे संगीत नंतर ऐकणाऱ्यास ते 'परके' वाटते याचे एक कारण हे असू शकेल.

५. कॅसेटचे अंतरंग

जपानी यंत्राच्या कॅसेटला ६० संपर्क असतात, व अमेरिकी आणि यूरोपीय यंत्राच्या कॅसेटला ७२. वाढीव संपर्कांपैकी ४ एका कुलूप-चिपकरिता आहेत. यंत्रातील व कॅसेटमधील अशा दोन चिप एकमेकींशी सतत संवाद करतात. संवाद जुळला नाही तर यंत्र दर सेकंदास एकदा पुन्हा प्रारंभापासून सुरू होते व त्याचा दिवा उघडझाप करतो. जपानी यंत्रात हे कुलूप नव्हते. प्रतिकृती त्या जपानी यंत्राच्या असल्यामुळे त्यांतही ते नाही, आणि भारतात प्रचलित झालेल्या कॅसेटी ६० संपर्कांच्याच आहेत.

प्रक्रियकास कॅसेटमधील आज्ञावलीकरिता ३२ किलोबाइटांची खिडकी उपलब्ध असते, व चित्रप्रक्रियकास आकृतींकरिता ८ किलोबाइटांची. याहून मोठा खेळ बसवावयाचा तर कॅसेटमध्येच एक विभाग-निवडक मंडल घालावे लागते. ते एका वेळी स्मृतीचा एकेक तुकडा खिडकीसमोर आणते. यंत्राची क्षमता यंत्रात संपत नाही, ती कॅसेटबरोबर वाढू शकते, हे या रचनेचे तत्त्व होय. ध्वनीच्या बाबतीतही तसेच. जपानी यंत्रात ध्वनी एका संपर्कातून कॅसेटमध्ये जातो व दुसऱ्यातून परत येतो. त्यामुळे कॅसेटला त्यात स्वतःचे स्वर मिसळता येतात. कोनामी या कंपनीने १९८९ साली आपल्या एका खेळात याचा उपयोग करून तीन जादा स्वरमार्ग दिले. अमेरिकी यंत्रात कॅसेटची ही वाट बंद असल्यामुळे तोच खेळ तेथे निराळ्या, साध्या संगीतासह काढावा लागला.

आणखी एक गोष्ट डाखकामाशी संबंधित आहे. यंत्रात देखाव्याच्या दोनच पानांपुरती स्मृती असते, पण चित्रप्रक्रियक चार पाने कल्पितो. उरलेली दोन पाने पहिल्या दोहोंची प्रतिबिंबे असतात. ती आडवी पडावीत की उभी, हे साध्या कॅसेटमध्ये डाखाच्या एका ठिपक्याने ठरविलेले असते. दुरुस्ती करताना हा ठिपका चुकीच्या जागी पडला तर देखावा सरकताना भलत्याच जागचे तुकडे पडद्यावर येतात, व स्मृती बिघडल्याचा समज होतो.

आपल्याकडे फार लोकप्रिय झालेल्या कॅसेटी म्हणजे अनेक खेळ एकत्र असलेल्या. त्यांवर '९९९९९९ इन १' यांसारखे आकडे छापलेले असत. वस्तुतः त्यांत थोडेच खेळ असतात. यादीतील बाकीची नावे त्याच खेळांची असून, निवडलेल्या क्रमांकाप्रमाणे खेळ पुढच्या टप्प्यावर किंवा जादा जीव देऊन सुरू केला जातो. काही कॅसेटींत यादीच नसते. यंत्रावरील 'रीसेट' कळ दाबली की पुढचा खेळ येतो. कॅसेटला रीसेटची तार जोडलेली नसताना हे कसे घडते? कळ दाबलेली असेतो प्रक्रियकाकडून कॅसेटकडे जाणारे घड्याळ-स्पंद थांबतात. कॅसेटमध्ये एक डायोड, एक रोध व एक धारित्र असे लहानसे मंडल असते. स्पंद चालू असताना धारित्र भारित राहते व स्पंद थांबताच रिते होते. त्या रिते होण्यावरून गणक एकाने पुढे सरकतो. दोनचार पैशांच्या घटकांत साधलेली ही योजना शिकविण्याजोगी आहे.

६. कोकणची हवा व संपर्काचे दोष

रत्नागिरीसारख्या समुद्रकाठच्या गावी या यंत्रांचा शत्रू वेगळाच आहे. येथे वर्षास ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि हवेत मिठाचा अंश कायम असतो. पितळेचे भांडे कल्हई गेली की कळकते, हे येथील प्रत्येक घरास ठाऊक आहे. कॅसेटच्या संपर्कांचे तेच होते. चांगल्या कॅसेटीत तांब्यावर निकेल व सोन्याचा मुलामा असतो. स्वस्त कॅसेटीत पुष्कळदा केवळ कथलाचा, म्हणजे एका अर्थी कल्हईचाच, थर असतो. कॅसेट वारंवार घालता-काढताना तो थर खरवडला जातो, उघड्या तांब्यावर आर्द्रता व क्षार बसतात, आणि हिरवट कळंक चढतो. एकही पत्तावाहक संपर्क तुटला तरी प्रक्रियक भलतीच आज्ञा वाचतो. त्यामुळे पडदा राखाडी होणे किंवा चौकटींचा गोंधळ दिसणे हा परिणाम होतो.

कॅसेटमध्ये फुंकर मारण्याचा उपाय सर्वत्र केला जाई व तो लागू पडतो असा समज होता. कॅसेट काढून पुन्हा घातल्याने संपर्काची जागा किंचित बदलते, आणि लाभ होतो तो यामुळे. फुंकरीबरोबर येणारा ओलावा मात्र कळंक वाढवितो. खोडरबराने घासणे हाही दीर्घकालात अपायकारक उपाय होय, कारण कळंकाबरोबर मुलामाही निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजविलेल्या कापसाने पुसून, पूर्ण वाळवून, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवणे हा येथील हवेत सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

दुसरा धोका वीजपुरवठ्याचा. यंत्रातील ७८०५ हा तीन पायांचा नियामक ५ व्होल्ट देतो व उरलेला दाब उष्णतेत रूपांतरित करतो. यंत्राने ०.३ अँपियर प्रवाह घेतला असे धरले, तर ९ व्होल्टांच्या पुरवठ्यावर नियामकात १.२ वॅट उष्णता निर्माण होते. पुरवठा १२ व्होल्टांचा झाल्यास तीच २.१ वॅट होते. नियमन नसलेल्या साध्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेले असले तरी कमी भारावर व चढ्या दाबाच्या वेळी तो १२ व्होल्टांपर्यंत सहज जातो. शिवाय जपानी यंत्राच्या अडॅप्टरचे मधले टोक ऋण असते, तर आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ अडॅप्टरांचे धन. अमेरिकी यंत्र ९ व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर चालते व त्यात एकदिशकारक पूल असतो. त्यामुळे त्याचा अडॅप्टर जपानी यंत्रास वा प्रतिकृतीस लावल्यास यंत्राची हानी होते. तेव्हा कोणतेही जुने यंत्र सुरू करण्यापूर्वी मल्टिमीटरने दाब व ध्रुवता पाहणे अनिवार्य समजावे.

७. प्रचलित फेरफार

या यंत्रांत केले जाणारे फेरफार स्थूलमानाने तीन प्रकारचे आहेत. पहिला चित्राचा. १९८३ चे यंत्र व अनेक प्रतिकृती केवळ प्रक्षेपक-मार्गाने चित्र देतात. चित्रप्रक्रियकाच्या २१ व्या पायावर संयुक्त चित्रसंकेत मिळतो. तो एका ट्रान्झिस्टरच्या द्वारे बाहेर आणला तर नव्या संचाच्या चित्रमार्गास जोडता येतो. असे केल्यावर पडद्यावर पुसट उभे पट्टे दिसतात, कारण मंडलपट्टीवर हा संकेत इतर वेगवान संकेतांच्या शेजारून जातो. तो पाय पट्टीपासून उचलून तेथूनच स्वतंत्र तार काढली की पट्टे पुष्कळ कमी होतात. नव्या सपाट पडद्यांपाशी आणखी एक अडचण उरतेच. हे यंत्र एकांतर रेषांचे चित्र देत नाही. काही नवे संच ते तसे समजून घेतात व लुकलुकणाऱ्या आकृती एकतर नाहीशा होतात किंवा स्थिर दिसतात. प्रकाश-बंदूक तर त्या पडद्यांवर चालतच नाही, कारण ती जुन्या नळीच्या पडद्यावरील प्रकाशाच्या क्षणावर अवलंबून असते.

दुसरा प्रकार कुलूप काढण्याचा. अमेरिकी वा यूरोपीय यंत्रातील कुलूप-चिपचा चौथा पाय पट्टीपासून सोडवून भूमीस जोडला की कुलूप निष्क्रिय होते व दिव्याची उघडझाप थांबते. प्रतिकृतींस याचे प्रयोजन नाही.

तिसरा प्रकार घड्याळ बदलण्याचा, म्हणजे ५० आवर्तनांचे यंत्र ६० आवर्तनांचे करण्याचा. मूळ गती अनुभवावी या इच्छेने काही जण प्रतिकृतीतील स्फटिक काढून २१.४७७२७२ मेगाहर्ट्झचा बसवितात. केवळ स्फटिक बदलून हे साधत नाही, कारण भाजक १५ व ५ हे चिपमध्येच कोरलेले असतात, आणि रेषाही ३१२ च राहतात. त्यामुळे प्रक्रियक आणि चित्रप्रक्रियक हे दोन्ही बदलावे लागतात. असे केल्यावर जे उरते ते जपानी यंत्र होय. पाल देशांतील प्रतिकृतीचे जे वैशिष्ट्य आपण चौथ्या भागात पाहिले, ते समूळ नाहीसे झालेले असते.

८. जतनाचा विचार

या शेवटच्या फेरफाराने खरा प्रश्न पुढे येतो. जपानी व अमेरिकी यंत्रांची सविस्तर माहिती उपलब्ध आहे; त्यांच्या चिपांची सूक्ष्म छायाचित्रे घेऊन प्रत्येक मंडल वाचण्यात आलेले आहे. भारतात विकल्या गेलेल्या प्रतिकृतींची तशी नोंद फार थोडी आहे. त्यांवर निर्मात्याचे नाव पुष्कळदा नसते. पुढील काळात तर सर्व मंडले एकाच चिपमध्ये आणून ती काळ्या राळेच्या ठिपक्याखाली झाकण्यात आली. अशा यंत्राची दुरुस्ती करता येत नाही, व ते नेमके कोणत्या कालगणनेने चालते हे पाहून कळत नाही, मोजूनच कळते. भारतात मंडलांच्या आराखड्यास संरक्षण देणारा कायदा २००० साली झाला. त्यापूर्वीच्या या वस्तूंविषयी अधिकृत कागदपत्रांची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. यंत्र हाच त्यांचा एकमेव दस्तऐवज.

संगणकावर या यंत्रांचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावली आहेत, मग जुने लाकूडफाटे कशास जपावयाचे, अशी शंका घेतली जाते. तीस उत्तर असे की, अनुकरणात भाजक १५ व विश्रांती ५१ हे आकडे घालता आले ते कोणीतरी प्रत्यक्ष यंत्रावर मोजले म्हणूनच. ज्या यंत्राचे मोजमाप झाले नाही, त्याचे अनुकरणही होऊ शकत नाही.

यास्तव पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी, असे एखादे यंत्र हाती आल्यास, पुढील क्रम पाळणे इष्ट होईल. प्रथम डबी, अडॅप्टर व मंडलपट्टीच्या दोन्ही बाजू यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि प्रत्येक चिपवरील अक्षरे नोंदवावीत. दोलनदर्शकाने मुख्य घड्याळाची व प्रक्रियकाच्या स्पंदाची गती मोजावी. त्यांच्या भागाकारावरून १२, १५ की १६ हा भाजक निश्चित होतो, व यंत्राचे कुळ कळते. नंतर चित्र संपल्यापासून व्यत्यय-संकेतापर्यंतच्या रेषा मोजाव्यात. त्या १ आहेत की ५१, यावर सर्व अवलंबून आहे. इतके झाल्यावरच डाखणी हाती घ्यावी. फेरफार करणे आवश्यकच असेल तर तो उलटविता येईल असा करावा, काढलेले घटक त्याच डब्यात ठेवावेत, आणि चित्राच्या सुधारणेकरिता पाय उचलावा पण तोडू नये. घड्याळ व चिप बदलण्याचा फेरफार मात्र नोंद न झालेल्या प्रतिकृतीत मुळीच करू नये.

हे काम खर्चाचे नाही. त्यास एक मल्टिमीटर, एक साधा दोलनदर्शक व एक दुपार पुरते. परंतु त्याला मुदत आहे. कोकणच्या हवेत कथलाचा थर किती पावसाळे टिकेल हे आपल्या इच्छेवर अवलंबून नाही, आणि दर वर्षी गणपतीपूर्वी होणाऱ्या घरांच्या साफसफाईत आणखी काही यंत्रे भंगारात जातातच. जी उरली आहेत त्यांची मोजणी या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी केली, तर आपल्या मुलांच्या हाती आलेले हे पहिले संगणक खरोखर काय होते हे निश्चितपणे सांगता येईल.